स्लरीचा कॅन

गळीत हंगामात आमचे सारे लक्ष तोडणीच्या टोळ्या, उतारा आणि गव्हाणीत पडणारी मोळी यांतच गुंतलेले असते. पट्टा पडला की मग कार्यक्षेत्रातल्या गावांतून निवांत हिंडायला सापडते. यंदा असेच हिंडत असता वाळवा तालुक्यातल्या एका गावी एका सभासद बंधूंच्या घरी चहाला थांबलो. घरामागच्या गोठ्यात आता जनावरे नाहीत. भिंतींना चुना दिला आहे, खाली शहाबादी फरशी आहे आणि गावातल्या अकरा बायकांचा बचत गट तिथे धुण्याची पावडर तयार करतो. कोपऱ्यात निळा प्लास्टिकचा कॅन होता, पन्नास किलोचा. झाकण उघडले तसा नाकाला झोंबणारा वास आला. आत काकवीसारखा दाट, तपकिरी पदार्थ होता.

गटाच्या अध्यक्ष असलेल्या मावशींनी आम्हांला सरळच विचारले, "दादा, तुमी कारखान्याची मानसं. ह्यो जिन्नस हाय तरी काय? दुकानदार म्हनतोय स्लरी. पर स्लरी तर गोबरग्यासची बी असती. ही कसली म्हनायची?"

प्रश्नाने सगळे हसले. पण मावशींनी पदर जरा वर करून मनगट दाखवले, तेव्हा हसे थांबले. कॅनमधून मापात ओतताना ओघळ आला होता. कातडी सोलून गेली होती आणि वर हळदीचा लेप होता. सांगली जिल्ह्यात जखमेवर हळद लावणार नाही तो माणूस कसला! पण या जखमेला आधी हळद नको होती, पाणी हवे होते. ते पुढे सांगतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सातारा, कराड, इस्लामपूर, विटा, मिरज कुठेही गेलात तरी बाजारात केमिकल विकणारी दुकाने आहेत आणि त्यांतून हे निळे कॅन गावोगाव जातात. पावडर, भांड्यांचा साबण, फरशीचे द्रव असे सारे त्यातून होते. आपल्या घरातल्या माय-बहिणी ज्या वस्तूत रोज हात घालतात, तिची धड माहिती त्यांना कुणी दिलेली नाही. म्हणून या खेपेला पत्रिकेची चार पाने आम्ही या कॅनला दिली आहेत.

तिचे पुरते नाव लिनिअर अल्किल बेंझिन सल्फोनिक ॲसिड. एवढे लांबलचक नाव बाजारात कोण घेणार? म्हणून व्यापाऱ्यांनी ते 'ॲसिड स्लरी' करून टाकले. गोबरगॅसच्या स्लरीशी तिचे काडीचेही नाते नाही. ही मूळची रॉकेलच्या घराण्यातली. तेलशुद्धीकरणात रॉकेलमधून सरळ साखळीचे, दहा ते तेरा कार्बनचे पदार्थ वेगळे काढतात आणि त्यांना बेंझिन जोडतात. यातून जे पाण्यासारखे स्वच्छ तेल तयार होते त्याला व्यवहारात लॅब म्हणतात. आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सने १९८० च्या दशकात त्याचा कारखाना उभारला. या तेलाने काहीच धुता येत नाही. ते पाण्यात विरघळतच नाही. त्याला गंधकाची जोड दिली की मात्र त्याचे गुण पार बदलतात.

आणि गंधक म्हटले की आपल्या सभासदांना वेगळे सांगायला नको. आपल्या कारखान्यात रस शुद्ध करण्यासाठी गंधक भट्टीत पिवळा गंधक जाळतात, त्याचा धूर चुना घातलेल्या रसातून सोडतात. गोदामाजवळून जाताना खोकला येतो तो त्याचाच. स्लरीच्या कारखान्यातही हाच पिवळा गंधक जळतो. फरक इतकाच की तिथे तो धूर व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकावरून नेऊन आणखी एक पायरी प्राणवायू त्यात चढवतात आणि मग तो त्या तेलात सोडतात. आपल्याकडे साखर पांढरी होते, तिकडे तेलाची स्लरी होते. पूर्वी हे काम धुराऐवजी दाहक गंधकाम्लाने, म्हणजे ओलियमने करीत. त्यात वापरलेले गंधकाम्ल मागे उरे आणि त्याची विल्हेवाट ही डोकेदुखी असे. काही छोटे कारखानदार अजून तसेच करतात. अशा मालात मोकळे गंधकाम्ल जास्त राहते, हे पावडर करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. स्वस्तात मिळालेला कॅन हातावर जास्त भाजतो तो यामुळेच.

तेलाचा आणि पाण्याचा मध्यस्थ

आता ही वस्तू मळ काढते कशी? तेल आणि पाणी यांचे वैर आपण रोज कालवणाच्या कटात पाहतो. स्लरीच्या प्रत्येक कणाला एक लांब शेपूट असते. ते रॉकेलच्या घराण्यातले, म्हणून तेलाकडे धावते. डोके गंधकाचे, त्याला पाण्याची ओढ. कपड्यावरच्या तेलकट मळात शेपटे घुसतात आणि डोकी बाहेर पाण्यात राहतात. असे हजारो कण चारी बाजूंनी मळाला वेढतात आणि चोळले, पिळले की तो उचलून पाण्यात घेऊन जातात. भांडलेल्या दोन भावांत गावचा जाणता माणूस मध्ये पडावा, एक हात याच्या खांद्यावर, एक त्याच्या, तसा हा प्रकार. शास्त्रात अशा पदार्थांना सर्फॅक्टंट म्हणतात. साबणही याच जातीचा. शिकेकाई आणि रिठाही याच जातीचे.

मग साबण असताना ही नवी वस्तू कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर माण, खटाव, आटपाडी, जतच्या विहिरींत आहे. त्या बाजूचे पाणी जड. डाळ शिजत नाही आणि साबण फाटतो. पाण्यातला चुना साबणाला धरतो, त्याचा पांढरा चिकट साका होतो आणि तो कपड्यावरच बसतो. अर्धी वडी साका होण्यातच जाते. स्लरीपासून केलेली पावडर चुन्याला साबणाइतकी दबत नाही. अगदी दाद देत नाही असे मात्र नव्हे. म्हणूनच पावडरीत सोडा घालतात. तो चुना अडवून धरतो आणि स्लरीला तिचे काम करू देतो. कृष्णाकाठच्या माणसाला हे फारसे जाणवणार नाही, पण दहिवडीकडून लग्न होऊन कराडला आलेल्या सुनेला विचारा.

जुन्या लोकांना हे सारे नवेच. आमच्या लहानपणी भांड्याला चुलीतली राख, डोक्याला सह्याद्रीच्या रानातली शिकेकाई, रेशमी लुगड्याला रिठा, आणि परटाच्या भट्टीत सोडाखार. धुण्याला बार सोप असे तो सुरीने कापून वापरायचा. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबी-तेलाचा तुटवडा पडला. खायलाच तेल नाही तर साबणाला कुठले? तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी कोळशापासून निघणाऱ्या द्रव्यांतून धुण्याचे कृत्रिम द्रव्य काढले. मग दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासूनची पावडर जगभर पसरली. आपल्याकडे हिंदुस्थान लिव्हरने १९५९ साली सर्फ आणले, पण ते शहरातल्या नोकरदारांचे. खेड्यातल्या धुण्याच्या दगडावर पावडर पोचली ती निरमामुळे. गुजरात सरकारच्या खात्यात रसायनशास्त्रज्ञ म्हणून नोकरी करणाऱ्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये ती घरामागे हाताने मिसळून सायकलवरून विकायला सुरुवात केली. आमच्या बचत गटाच्या मावशी आज जे करतात तेच. करसनभाई रसायन शिकलेले होते, एवढा फरक.

मनगटावरचा डाग

मावशींना आम्ही जे सांगितले ते इथे नीट लिहितो, कारण या लेखाचे खरे काम हेच आहे.

स्लरी कच्ची आहे तोवर ते आम्ल आहे. अंगावर सांडली तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरा, नुसता शिडकावा नको, पंधरा-वीस मिनिटे धार चालू राहिली पाहिजे. कपड्यावर सांडली असेल तर कपडा आधी काढा, लाज नंतर. डोळ्यांत उडाली तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाणी मारा आणि मग डॉक्टरांकडे जा. घरगुती इलाज करीत बसू नका. आम्लाला सोडा मारतो म्हणून कातडीवर सोडा चोळणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्याने जखमेत आणखी आग होते. हळद, राख, टूथपेस्ट सगळे पाण्यानंतर आणि तेही डॉक्टरांना विचारून.

आमच्या मते निम्मे अपघात होतात ते ओतताना. भरलेला कॅन दोन बायकांनी तिरका करायचा आणि तिसरीने खाली मग धरायचा, हा प्रकार बंदच करावा. कॅनला तोटी बसवून मिळते किंवा हातपंप मिळतो. एका पगाराचीही किंमत नाही त्याची. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि पायांत बूट. "उन्हाळ्याचं मोजं घालून काम हुत न्हाई वो," असे एक सूनबाई म्हणाल्या. होत नाही हे खरे, पण मावशींच्या मनगटाकडे त्यांनीच पाहिले आणि गप्प बसल्या.

भांडे प्लास्टिकचे घ्यावे. लोखंडी पिंपात किंवा जस्ताच्या बादलीत स्लरी ठेवली की धातू खाल्ला जातो, माल काळा पडतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. हा वायू पेट घेणारा आहे. ॲल्युमिनियमचे पातेले तर दोन्हीकडून वाईट. आम्लही त्याला खाते आणि भांड्यांचे द्रव करताना लागणारा कॉस्टिक सोडाही खातो. कॉस्टिक विरघळवताना नेहमी पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा टाकावा. कॉस्टिकवर पाणी ओतले तर ते एकदम उकळून तोंडावर येते. तसेच स्लरीच्या जवळपास ब्लीचिंग पावडरचा डबा ठेवू नका. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरिन सुटतो, आणि बंद गोठ्यात तो जिवावर बेतू शकतो.

आता मापाची गोष्ट. एक किलो स्लरी पुरती थंडावण्यास, म्हणजे तिचे आम्लपण जाण्यास, साधारण १७० ग्रॅम सोडा ॲश लागतो. गटाच्या वहीत शंभर किलो पावडरीला १२ किलो स्लरी आणि ४० किलो सोडा असे लिहिले होते. हिशेब केला तर १२ किलो स्लरीला दोन किलोच्या आसपास सोडा पुरे. उरलेला ३८ किलो सोडा पावडरीत तसाच राहतो. तो काही वाया जात नाही, जड पाण्याला आणि तेलकट मळाला तो हवाच. पण प्रमाण हाताबाहेर गेले की हात फाटतात, रंग उडतो आणि लोकरी-रेशमी कपड्याची वाट लागते. "आमच्या पावडरीनं हात चिरत्यात अशी गिऱ्हाइकं तक्रार करत्यात," असे त्या सांगत होत्या. कारण त्यांच्याच वहीत होते. स्लरी सोड्यावर हळूहळू, धार बारीक ठेवून सोडावी, फावड्याने खालवर करीत राहावे. गरम होते, फसफसते. मग ढीग रात्रभर तसाच ठेवून सकाळी चाळावा. सोड्याची धूळ घशाला वाईट, म्हणून तोंडाला फडके हवे.

तपासायला यंत्र कुठून आणायचे? इथे आपल्या जिल्ह्याची हळद उपयोगी पडते. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले आहे. हळद क्षाराला लाल होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते. तेव्हा टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात. भांडी धुण्याचे द्रव तयार झाले की पट्टी बुडवावी. लाल झाली तर कॉस्टिक जास्त पडला आहे, थोडी स्लरी घालून पुन्हा पाहावे. पिवळी राहिली तर क्षार जास्त नाही. मात्र आम्ल उरले आहे की काय ते हळद सांगत नाही, त्यासाठी निळा लिटमस हवा. तो हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मिळेल. तोही लाल झाला नाही, म्हणजे माल ठीक. धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र हळद लाल करणारच, तिच्यात सोडाच आहे.

फेसाबद्दलही दोन शब्द. आपले गिऱ्हाईक फेस पाहून पावडर घेते. फेस आणि स्वच्छता यांचा संबंध मात्र लोक समजतात तितका नाही. यंत्रात कपडे धुण्याची पावडर मुद्दाम कमी फेसाची करतात. भांड्यांच्या द्रवात फेसासाठी आणि हाताला मऊ लागावे म्हणून स्लरीबरोबर एसएलईएस नावाची घट्ट पांढरट पेस्ट घालतात. ते दाट दिसावे म्हणून मीठ टाकतात आणि तिथे सगळे चुकतात. मीठ टाकत गेले की द्रव काही वेळ दाट होतो, पण एका मर्यादेपुढे तो पुन्हा पाण्यासारखा पातळ होतो. मग बायका आणखी मीठ टाकतात. मीठ थांबवायचे कुठे, ते आधी एका तांब्यात करून बघावे.

रानात आणि कारखान्यात

आपल्या कारखान्यातही या घराण्यातली मंडळी आहेत, फक्त त्यांची ओळख कुणी करून देत नाही. डिस्टिलरीत मळी आंबवताना टाकीत फेस चढतो आणि बाहेर येऊ पाहतो. तो बसवायला टर्की रेड ऑइल घालतात. नाव परदेशी, पण ते गंधकाम्लाची प्रक्रिया केलेले आपले एरंडेलच. एकोणिसाव्या शतकात लाल रंगाच्या कापडासाठी ते निघाले. म्हणजे याच जातीतला एक फेस वाढवतो आणि दुसरा मारतो. मिलच्या खाली रस साठतो तिथे जिवाणू वाढून बुळबुळीत साका होतो आणि साखर फुकट जाते. ते रोखायला जी औषधे सोडतात त्यांतही एक प्रकार सर्फॅक्टंटचाच आहे. शेवटच्या मळकट पाकाला पॅनमध्ये मोकळे हलते ठेवायलाही असे द्रव्य थोडेसे टाकतात. केमिस्ट मंडळींकडून यावर एकदा स्वतंत्र लेख घेऊ.

शेतात याचा वापर आपण रोज करतो, त्याला स्टिकर म्हणतो. उसाच्या किंवा आल्याच्या पानावर फवारा मारला की थेंब घरंगळून जातो, कारण पान मेणचट. स्टिकरमुळे थेंब पसरतो. काही सभासद पैसे वाचवायला पंपात धुण्याची पावडर टाकतात. हे करू नये. पावडरीतल्या सोड्याने पाणी क्षारी होते आणि बरीचशी कीटकनाशके क्षारी पाण्यात लवकर फुटून निकामी होतात. औषधाला शेकड्याने पैसे घालायचे आणि मुठभर पावडरीने त्याचे पाणी करायचे, हा कुठला हिशेब?

तासगाव-कवठेमहांकाळच्या बेदाणा शेडवर हीच विद्या नीट वापरली जाते. द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा थर असतो, त्यामुळे आतले पाणी लवकर उडत नाही. म्हणून एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल घालून त्यात घड काही मिनिटे बुडवतात. डिपिंग ऑइल म्हणजे मुख्यतः इथिल ओलिएट. ते क्षाराच्या पाण्यात दुधासारखे मिसळते आणि मेणाचा थर मोकळा करते. मग सावलीत जाळीवर दोन आठवड्यांच्या आसपास बेदाणा तयार होतो. सांगलीच्या बेदाण्याला नाव मिळाले त्यात या पांढऱ्या पाण्याचा वाटा आहे. पोटॅशियम ऐवजी स्वस्त म्हणून धुण्याचा सोडा घालणारे आहेत, त्यांनी रंग बिघडला म्हणून बाजारात ओरडू नये.

सांडपाण्याचा हिशेब

हा भाग आम्हांला सर्वांत जास्त सलतो. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईच्या घाटांवरून येते, कराडला कोयनेला भेटते, मग वाळवा, पलूस करीत सांगलीला जाते आणि तिथे लोक तिचे पाणी पितात. वरच्या माणसाचे धुणे ते खालच्याचे पिणे, असे हे नाते आहे.

परदेशात यावरून मोठा धडा घडला. सुरुवातीच्या कृत्रिम पावडरींत फांद्या फुटलेल्या साखळीचे द्रव्य असे आणि जिवाणूंना ते खाता येत नसे. १९५० च्या दशकात जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेत नद्यांवर माणूसभर फेसाचे ढीग चढले. जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि १९६४ पासून तो लागू झाला. अमेरिकेतल्या कारखानदारांनी १९६५ पर्यंत सरळ साखळीचे द्रव्य स्वीकारले. आपल्या निळ्या कॅनवरच्या 'लिनिअर' या शब्दाचा अर्थ हा आहे, सरळ साखळी. हवा असलेल्या, वाहत्या पाण्यात जिवाणू ती काही दिवसांत खाऊन टाकतात. पण हवा नसलेल्या डबक्यात, गटाराच्या गाळात ती तशीच राहते. माशांना तर लिटरमागे काही मिलिग्रॅमही बाधतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अशा द्रव्यांची इष्ट मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. म्हणून धुण्याचे पाणी थेट ओढ्यात सोडण्यापेक्षा जमिनीतून पाझरू द्यावे. पिण्याच्या विहिरीपासून मात्र ते लांब हवे. आणि ज्यांचा गोबरगॅस आहे त्यांनी धुण्याचे पाणी त्यात मुळीच जाऊ देऊ नये, वायू करणारे जिवाणू त्याने मंदावतात. मावशींच्या दोन स्लऱ्यांची भेट होऊ नये ती इथे.

स्लरी जिवाणू खातात, सोडा मात्र कुणी खात नाही. आपल्या वाळवा-मिरज पट्ट्यात अति पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी प्रत्येकाने पाहिल्या आहेत. तिथे मातीला सोडियम चिकटते, ती चोपण होते, पावसात चिखल आणि उन्हात दगड. त्याचे मुख्य कारण पाटपाणी आणि निचऱ्याचा अभाव हेच आहे, धुण्याला उगाच दोष देत नाही. पण परसात पाहा. महिन्याला दोन किलो पावडर धरली तर वर्षाला २४ किलो झाली. त्यात ४० टक्के सोडा म्हणजे साडेनऊ किलोच्या वर, आणि त्यातले नुसते सोडियम चार किलोच्या आसपास. मोरीचे पाणी वर्षानुवर्षे एकाच अळूच्या वाफ्यात किंवा एकाच नारळाला सोडले, तर तिथली माती का थिजते याचे उत्तर मिळेल. पाणी आलटून-पालटून सोडावे. वाफ्यात शेणखत आणि थोडा जिप्सम घालावा. केळी, अळू थोडे सोसतात, घेवडा सोसत नाही.

कारखान्याने हे करावे का?

असा प्रश्न सभेत कुणीतरी काढणारच, म्हणून आमचे मत आधीच सांगतो. ॲसिड स्लरीत उसाचे काहीही नाही. तिचे तेल रिफायनरीतून येते आणि गंधक जाळून प्रक्रिया करण्याचा प्रकल्प मोठ्या भांडवलाचा आहे. पाताळगंगेचे तेल इकडे आणून स्लरी करायची आणि पुन्हा मुंबईकडे विकायची, यात भाड्याशिवाय काही पदरात पडणार नाही.

एसएलईएसची गोष्ट जरा वेगळी आहे. तिचे शेपूट पामकर्नल किंवा खोबरेल तेलाचे, आणि मधला दुवा इथिलिन ऑक्साइडचा. हा दुवा बहुतेक ठिकाणी खनिज तेलातून येतो, पण मळीच्या अल्कोहोलपासूनही करता येतो. इंडिया ग्लायकॉल्स या कंपनीने काशीपूर येथे १९८९ पासून ते मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आहे. आपल्या राज्यात १९८० मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी सर्फॅक्टंट्सचे कारखाने तारापूर-तळोजाला अशीच द्रव्ये करतात आणि जगभर विकतात. म्हणजे मुंबईच्या बाईच्या शांपूत आपल्या उसाचा अंश असू शकतो, ही गोष्ट खोटी नाही. पण इथिलिन ऑक्साइड हा स्फोटक आणि विषारी वायू. तो हाताळायला जी शिस्त आणि भांडवल लागते ते एकट्या सहकारी कारखान्याच्या आवाक्यातले आम्हांला वाटत नाही. शिवाय पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले आहे. आपल्या अल्कोहोलला ते गिऱ्हाईक दारात असताना शांपूच्या मागे धावण्याची घाई नको. साखरेपासून थेट होणारी काही धुण्याची द्रव्ये आहेत, ग्लुकोज आणि तेलाच्या अल्कोहोलपासूनची. हाताला ती सौम्य आणि मातीत सहज जिरणारी. त्यांच्यावर नजर ठेवावी, एवढेच म्हणतो.

बचत गटांचा मात्र विचार व्हावा. कारखान्याने गटांसाठी मिळून माल खरेदी केला, तर कॅनबरोबर प्रत्येक खेपेचा तपासणी दाखला मागता येईल. एकेकट्या गटाला दुकानदार तो देत नाही. पाकिटावर वजन, किंमत, तारीख आणि पत्ता छापणे कायद्याने लागते, ते छापूनही एकत्र स्वस्त पडेल.

मावशींच्या गटाने आमच्यादेखत वहीतला सोडा ४० वरून ३० केला आणि एक घाणी करून पाहिली. जड पाण्यात ती जरा कमी निघते असे आटपाडीच्या गिऱ्हाइकाने कळवले, तेव्हा तिकडच्या मालासाठी ३५ ठेवायचे ठरले. कॅनला तोटी बसली आहे. हळदीच्या पट्ट्यांची एक चळत त्यांनी आमच्याकडे पाठवली, ती शेतकी ऑफिसात ठेवली आहे. ज्या गटांना हव्यात त्यांनी चिटबॉयमार्फत मागवून घ्याव्यात.